अडीच माणसं

भिंती बोलतात असं कुणी म्हणालं, तर आपण त्याला वेड्यात काढू. पण सोलापुरात गेली चार वर्षं भिंतीच बोलत होत्या, आणि माणसांनी गप्प बसायचं असा कायदा होता. भिंतींचं हे बोलणं लिहून घ्यायचं काम भार्गवी येमूलकडे होतं. वय तीस, रिक्त वास्तू कक्षात तंत्रज्ञ, आणि खांद्याला शिवणयंत्राएवढी जड पेटी.

कायदा साधा होता. गिरण्या बंद पडल्या, माणसं शहराच्या कडेला राहायला गेली, आणि मधल्या पेठांतल्या दगडी इमारती तशाच उभ्या राहिल्या. कमानी, लाकडी गॅलऱ्या, पन्हळीत उगवलेले पिंपळ. ज्या इमारतीत सलग वीस वर्षं कुणी राहिलं नाही ती सरकारजमा व्हायची, लिलावात जायची आणि पडायची. कुणी राहिल्याचं सिद्ध झालं, तर मात्र जुन्या भाडेकरूंना तिथंच दुरुस्त केलेली खोली मिळायची. सुरुवातीला साक्षीपुरावे घेतले. पहिल्या वर्षातच इतके खोटे साक्षीदार उभे राहिले, की एकेक खोलीत चाळीस-चाळीस माणसं झोपत होती असं निघालं! मग तोंडी साक्ष बंदच झाली आणि पेटी आली.

आता पेटीत काय होतं ते सांगायला हवं. आपण भिंतीला चुना लावतो तेव्हा तो ओला असतो, आणि सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊन कडक होतो. बंद खोलीत माणूस असेल तर तो वायू माणसाच्या श्वासातूनच जास्त येणार. शिवाय कार्बन दोन जातींचा असतो, एक हलका आणि एक किंचित जड. ज्वारीत जड कार्बन जरा जास्त, तांदूळ-गव्हात कमी. जो जे खातो तेच तो श्वासातून सोडतो. म्हणजे चुन्याचा एकेक थर त्या वर्षी खोलीत किती माणसं होती आणि ती भाकरी खात होती की भात, हे धरून ठेवतो. पेटीतला लेझर केसाहून पातळ असे थर कांद्यासारखे एकेक करून जाळायचा, निघालेला वायू मोजायचा आणि पडद्यावर आकडा दाखवायचा. एक माणूस, दोन माणसं, शून्य.

पहिले सहा महिने भार्गवीला ते आकडे सहन व्हायचे नाहीत. एखाद्या खोलीत सात थर दोन माणसांचे आणि आठव्या थरापासून एकच, असं दिसलं की ती बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहायची. आता ती बाहेर जात नव्हती. काहीच वाटत नव्हतं, आणि काहीच वाटत नाही याचीही तिला सवय झाली होती.

त्या आषाढात यादीत जोडजिन्याचं नाव आलं.

जोडजिना म्हणजे मिलची जुनी कामगार वसाहत. दोन दगडी जिने समोरासमोर चढत जाऊन वर एका सज्जात मिळतात, म्हणून हे नाव. तीन मजले, चव्वेचाळीस खोल्या, सज्जाखाली चुन्यात घडवलेले पोपट. त्यांतल्या दोघांच्या चोची शाबूत होत्या. मिल बंद पडल्यावर पाणी तोडलं, वरचा मजला गळायला लागला, आणि एकेक बिऱ्हाड उठून पूर्व भागात भाड्यानं गेलं. पण ताबा जाऊ नये म्हणून कामगारांनी सभा घेतली आणि एका माणसानं रोज रात्री तिथं झोपायचं असं ठरवलं. कुणी? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याला नाही म्हणता येत नव्हतं तो म्हणजे अंबादास येमूल, भार्गवीचा बाप.

भार्गवी दोन वर्षांची होती तेव्हापासून अकरा वर्षांची होईपर्यंत, नऊ वर्षं, अंबादास संध्याकाळी जेवणाचा डबा घेऊन जोडजिन्याच्या नऊ नंबरात जायचा आणि सकाळी परत यायचा. आला की लगेच पॉवरलूमवर. पुढे छाती कापसानं भरून गेल्यावर त्याचं जाणं थांबलं. त्या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली होती. म्हणजे वीसला एक कमी.

या नऊ वर्षांनी अंबादासला एकच गोष्ट दिली होती. तो कुठं गेला की त्या चव्वेचाळीस घरांतली माणसं उठून उभी राहायची. लग्नात पहिला आहेर त्याच्या हातून व्हायचा. नळीतून ऑक्सिजन ओढत घरात पडून असलेल्या माणसाकडे आजही बायका नवी सून पाया पडायला घेऊन यायच्या. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

आपला बाप या प्रकरणात आहे हे भार्गवीनं कार्यालयात सांगितलं नाही. विचारलं कुणी नाही, आणि पेटी चालवणारी ती एकटीच.

नऊ नंबरात ती गेली तेव्हा मल्लिनाथ कलशेट्टी उंबऱ्यावर बसला होता. युनियनचा जुना सेक्रेटरी, वय ऐंशी, आवाज अजून खणखणीत. बाजूला, लिलावात इमारत घेऊ पाहणाऱ्या बिल्डरचा एक माणूस मोबाइल बघत उभा.

“ये पोरी,” कलशेट्टी म्हणाला. “भिंत वाचतीस म्हणं. वाच की. तुझ्या बापाचं नाव लिहिलंय त्यात.”

“नाव नसतंय काका. आकडा असतोय.”

“आकडा तर आकडा. एक येईल. एक आला म्हणजे झालं आमचं.”

खोलीला खिडकी नव्हती. पावसाळ्यातली ओल भिंतींत मुरलेली होती. भार्गवीनं पेटी उघडली, लेझर लावला आणि वाट पाहत उभी राहिली. वरचा थर, खालचा थर, त्याखालचा. नऊच्या नऊ थरांवर आकडा एकच होता.

शून्य.

तिनं यंत्र बंद करून पुन्हा लावलं. दुसऱ्या भिंतीवर लावलं. शून्य.

“काय म्हणतीय?” कलशेट्टी.

“तुकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत जाईल. तिथलं खरं धरतात,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला. तिनं दोन बोटं रुंदीचा गिलाव्याचा तुकडा काढला, कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. तुकडा ओला असेल तर रात्रभर सुकवून दुसऱ्या दिवशी सील करायचा, असा नियम होता. तिनं तो डबीत ठेवला.

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच होतं. नाना, तिचे वडील, तिथं नव्हते. नऊ वर्षं रोज रात्री डबा घेऊन हा माणूस गेला कुठं? आई पद्मा बारा वर्षांपूर्वी वारली होती, तिला विचारायची सोय नव्हती. राग यायला हवा होता. आला नाही.

अंबादास पलंगावर उशांना टेकून बसला होता. “झालं का गं जोडजिन्याचं?”

“झालं.” तिनं पेटी खाली ठेवली. “नाना, एक विचारू? तुम्ही तिथं रोज झोपत होता?”

“रोज.”

“एकही दिवस चुकला नाही?”

त्यानं नळी सारखी केली आणि विचार केला. खोटं बोलणारा माणूस इतका विचार करत नाही. “चुना मारल्यावर नाही झोपायचो. रथाच्या आधी युनियनकडून चुन्याचं पोतं यायचं. खोली मारून काढायची. पण त्या खोलीला ना खिडकी ना वारा, आठ-आठ दिवस सुकायची नाही. अंथरूण टाकलं की ओलं. मग घरी यायचो. दिवसातून दोनदा फेरी मारून कुलूप बघायचो तेवढं.”

भार्गवी खाली बसली.

चुना वायू ओढतो तो ओला असतानाच. आठ-दहा दिवस. एकदा का तो कडक झाला, की पुढचं सगळं वर्ष त्या खोलीत कुणी राहो, न राहो, भिंतीला पत्ता नसतो. हे तिला माहीत होतं, पुस्तकातच होतं. पण लोक चुना मारलेल्या खोलीतच राहतात असं पुस्तक लिहिणाऱ्यानं धरलं होतं.

आणि तो आठवडा! तो आठवडा तर तिला पाठ होता. वर्षभर ती त्याची वाट बघायची. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघायचा त्याच्या आधीचे आठ दिवस नाना घरी असायचे. उरलेला चुना बादलीतून घेऊन यायचे, आईला आणि तिला बाहेर काढून मधली खोली मारायचे, आणि मग त्याच ओल्या वासात तिघं एका रांगेत झोपायची. ती मध्ये. नाना भिंतीवर बोटानं हत्ती काढायचे, सकाळपर्यंत तो पांढरा होऊन जायचा. रथ गेला की नाना पुन्हा डबा घेऊन निघायचे आणि ती दारात उभी राहून भोकाड पसरायची. पाचव्या-सहाव्या वर्षी कधीतरी तिनं भोकाड पसरायचं बंद केलं.

वर्षाच्या तीनशे सत्तावन्न रात्री त्यानं त्या खोलीला दिल्या होत्या. नेमक्या ज्या आठ रात्री मोजल्या जाणार होत्या, त्या त्यानं तिला दिल्या होत्या.

तिनं वरिष्ठांना फोन केला. नाव न घेता, एक शंका म्हणून विचारलं. साहेब जेवत होते.

“मॅडम, असं ऐकायला लागलो तर प्रत्येकजण म्हणेल, आम्ही त्या आठवड्यात गावाला गेलो होतो. कायद्यात भिंत म्हणजे भिंत.”

“पण सर, विज्ञानात तसं नाही.”

“विज्ञान पुण्यात आहे. तुम्ही तुकडा पाठवा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबादासचा डोळा लागलेला असताना तिनं मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट सरकवलं. फार विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. हात चालत होते. वरचं डिस्टेंपर खरवडलं आणि खालचे पांढरे थर दिसले. नऊ वर्षांचे नऊ थर. पुण्याची माणसं चुन्यातले बारीकसारीक धातूही तपासायची, दुसऱ्या घरचा तुकडा कुणी घुसवू नये म्हणून. पण हा चुना तोच होता, त्याच पोत्यातला, त्याच भट्टीचा. जगात दुसऱ्या कुठल्या भिंतीशी जोडजिन्याचा चुना जुळला नसता, या एका भिंतीशी जुळणार होता.

हे चुकीचं आहे हे तिला कळत होतं. भिंत खोटं बोलत नाही असं ती चार वर्षं लोकांना सांगत आली होती, रडणाऱ्या बायकांना तोंडावर सांगत आली होती. आता तीच भिंतीला खोटं बोलायला लावत होती, आणि त्याशिवाय खरं बाहेर येणार नव्हतं. तिनं तुकडा डबीत घातला, आदला तुकडा गटारात टाकला आणि कपाट जागेवर लोटलं.

एका गोष्टीकडे मात्र तिचं दुर्लक्ष झालं. की झालं नाही, केलं? पुण्याहून येणाऱ्या अहवालाला दोन पानं असायची. पहिल्यावर एकच शब्द, ‘वसती’ किंवा ‘रिक्त’. दुसऱ्यावर आकडे. सुनावणीत पहिलं पान वाचलं जायचं, दुसरं फाइलला लागायचं, आणि ती फाइल आजवर कुणी उघडून पाहिली नव्हती.

बिल्डरच्या वकिलानं पाहिली.

सुनावणी श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी झाली. हॉल भरला होता. चव्वेचाळीस घरांतून निदान शंभर माणसं आली असतील, म्हाताऱ्या, लेकी, पायात मोजे घातलेले पेन्शनर. अधिकारी वैराळे मॅडम यांनी पहिलं पान वाचलं. “वसती. नऊ वर्षं. शेवटचा थर एकोणीस वर्षांपूर्वीचा.” एका म्हातारीनं तिथंच हात जोडले. कलशेट्टीनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तोंड पुसलं. अंबादास घरीच होता. त्याला आणणं शक्य नव्हतं.

वकील उठला. “मॅडम, अर्जदारांचं म्हणणं आहे की तिथं एक राखणदार झोपत होता. एक. दुसऱ्या पानावर आकडा वेगळा आहे.”

“किती?”

“अडीच.”

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. वैराळे मॅडमनी भार्गवीकडे पाहिलं. “अडीच माणसं म्हणजे काय? सांगा यांना.”

भार्गवी उभी राहिली. प्रश्न तिच्या कामाचा होता आणि उत्तर तिला येत होतं. “मोठ्या माणसाचा श्वास एक धरतात. लहान मुलाचा साधारण अर्धा.”

“म्हणजे दोन मोठी माणसं आणि एक मूल.”

“हो.”

“आणि आहाराच्या रकान्यात ज्वारी जास्त आहे,” वकील म्हणाला. “अंबादास येमूल भात खाणारे, असं यांच्याच अर्जात लिहिलंय, डब्यात रोज भात असायचा म्हणून. म्हणजे भाकरी खाणारं दुसरंच कुणीतरी तिथं होतं.”

आई ज्वारीची भाकरी खायची आणि भार्गवीलाही तीच भरवायची. भात नानांसाठी.

मागून कुणीतरी हसलं. मग दबकं हसू रांगेरांगेत पसरत गेलं. “आयला, अंबादास!” एक पेन्शनर शेजारच्याला म्हणाला. “नऊ वर्षं राखण केली म्हणं बे. राखलीच की!”

भार्गवी उभीच होती. तोंड उघडायची देर होती. ती बाई माझी आई आणि ते अर्धं माणूस मी, एवढंच म्हणायचं. आणि ते म्हटलं की चव्वेचाळीस खोल्या गेल्या. ती तुरुंगात गेली असती ते निराळंच, त्याची तिला फारशी पर्वा नव्हती. समोर ती म्हातारी अजून हात जोडून बसली होती. भार्गवी खाली बसली.

“आमचा आक्षेप—” वकील म्हणाला.

“तुमचा आक्षेप तुमच्याच विरुद्ध जातोय,” वैराळे मॅडम म्हणाल्या. “राखणदारापेक्षा कुटुंब असणं म्हणजे जास्तच वसती. बसा खाली. इमारत रिक्त नाही. खोल्या अर्जदारांना.”

टाळ्या वाजल्या. भार्गवीनं पेटीचा पट्टा खांद्यावर घेतला. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, बघणारे लगेच नजर काढून घेत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी कलशेट्टी घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा होता, पण तो त्यानं दिला नाही, स्वतःच्याच मांडीवर ठेवून बसला. या घरात तो नेहमी अंबादासच्या पायाशी, पलंगावर बसायचा. आज खुर्ची ओढून लांब बसला.

भार्गवीनं चहा ठेवला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. नानांना तिनं निकाल सांगितला होता, आकडा सांगितला नव्हता.

“अंबादास,” कलशेट्टी म्हणाला, “काम झालं. खोल्या मिळाल्या. त्याबद्दल तुझे उपकार हैत. पण एक विचारतो, राग मानू नको. लोक मला विचारायलेत. काय सांगू त्यांना?”

“काय झालं?”

“भिंतीत अडीच माणसं निघाली. तू, एक बाई आणि एक पोर.” कलशेट्टीचा खणखणीत आवाज खाली आला होता. “आम्ही तुला देव मानत होतो बे. आमच्या बायका सुनांना तुझ्या पाया पडायला लावत होत्या. कोण होती ती?”

ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. अंबादासनं भार्गवीकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरून मधल्या खोलीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, तो मोजत असावा. भार्गवीनं मान खाली घातली. तेवढ्यानं त्याला सगळं कळलं.

आता तो बोलेल, असं तिला वाटलं. बोलावं, असंही वाटलं. बहात्तराव्या वर्षी, छाती संपलेली असताना, गाठीला असलेलं एकुलतं एक चांगलं नाव कुणी का घालवावं?

“होत्या,” अंबादास म्हणाला. “बाई होती. पोरगी होती.”

“नऊ वर्षं?”

“नऊ वर्षं.”

कलशेट्टीनं कप खाली ठेवला. “आणि पद्माला? तिला माहीत होतं हे?”

“तिच्याइतकं कुणालाच नाही,” अंबादास म्हणाला.

कलशेट्टी उठला. पेढ्यांचा पुडा काखेत मारून, दारात चपला शोधून, एकदाही मागं न बघता तो गेला. त्याची काठी जिन्यावर वाजत गेली.

अंबादास दाराकडे बघत राहिला. “ती पोरगी,” तो म्हणाला, “फार लाथा मारायची झोपेत.”

भार्गवीला रडू यायला हवं होतं. ती पलंगाजवळ गेली आणि कलशेट्टी नेहमी बसायचा त्या जागी, नानांच्या पायाशी, बसली.